एकास बाराचा उतार

माझ्या हातून पूल झाला नाही, धरण झालं नाही, कोनशिलेवर नाव यावं असं काहीच झालं नाही. स्थापत्याचा डिप्लोमा घेऊन मी सदाशिव पेठेतल्या लिमये सरांच्या वास्तुरचना कार्यालयात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव लिहायचे ठरवले तेव्हा बायकोने विचारलं, "काय लिहिणार? स्लॅबवर पाणी कसं मारायचं ते?" प्रश्न रास्त होता. बराच विचार केल्यावर मला अठरा फूट लांबीचा एक उतार आठवला. तो मी बांधला होता आणि मीच फोडला. त्याच्याबद्दल लिहितो.

तो उतार बांधेपर्यंत आमच्या धंद्यात रँप म्हणजे स्कूटरची सोय. पेठेतल्या इमारतींच्या पायऱ्यांवर सिमेंटची वीतभर पट्टी ओढलेली असायची, तिच्यावरून बजाज आत चढायची. आम्हीही तशा पट्ट्या ढिगाने काढल्या. माणूसही कधी चाकांवर बसून येईल, हे डोक्यात नव्हतं. मी नवा असताना हाडांच्या एका डॉक्टरांचा दवाखाना आखला, तो पहिल्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. डॉक्टरांना हवेशीर जागा हवी होती आणि हवा भरपूर होती. पायाला प्लास्टर घातलेले पेशंट नातेवाइकांच्या खांद्यावर हात टाकून एका पायाने उड्या मारत वर जायचे. मी तिथे दोनदा माझ्या आईलाच घेऊन गेलो, तिला बाकावर बसवलं, आणि जिना कोणी आखलाय हे मला तेव्हाही आठवलं नाही.

पुढे संगणक कंपन्या आल्या. हडपसरला कालपर्यंत उसाची शेतं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या, आणि त्यातली एक आमच्याकडे आली. जमीन जगताप शेठची. त्यांनी ऊस काढून चार मजले उभे करायचे आणि परदेशातली एक सॉफ्टवेअर कंपनी ते भाड्याने घेणार, असा व्यवहार होता. कंपनीने आपल्या अपेक्षांची एक जाडजूड फाइल पाठवली. तिच्यातलं एक अख्खं प्रकरण अपंग व्यक्तींना इमारत कशी वापरता यावी यावर होतं. लिमये सरांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सबनीस, तुम्ही सावकाश वाचता. हे तुम्हीच वाचा." ही स्तुती नव्हती, पण मी ती तशीच घेतली.

मी वाचलं आणि चकित झालो. दाराची मोकळी रुंदी किती, लिफ्टचं बटण जमिनीपासून किती उंचीवर, बेसिनखाली गुडघ्यांना किती जागा, संडासात आधाराच्या दांड्या कुठे, खुर्ची जागच्या जागी फिरवायला पाच फुटांचं वर्तुळ. आणि उतार एकास बारा. म्हणजे जमीन एक फूट चढायची असेल तर उतार बारा फूट लांब. आमच्या स्कूटरच्या पट्ट्या एकास तीन, कधी एकास दोनसुद्धा असायच्या. प्रवेशाचा चौथरा दीड फूट उंच होता, म्हणून मी अठरा फुटांचा उतार काढला. प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली. त्या खुणांचा मला अभिमान वाटत होता. आता वाटतं, माझं सगळं वाचन त्या खुणांसाठीच झालं होतं.

काम चालू असताना पहिल्याच पावसाळ्यात शेजारचा ओढा फुगला आणि पाणी आमच्या चौथऱ्याला टेकलं. जगताप शेठ घाबरले. चौथरा नऊ इंच उचलायचं ठरलं आणि तशी सूचना मीच बबन मिस्त्रीला दिली. बबन फुरसुंगीकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या हाताला ओळंबा लागत नाही असं आम्ही म्हणायचो. उताराचं काम निघालं तेव्हा तो माझ्याकडे आला होता. "सायेब, ह्यो उतार लई उभा झालाय. जरा लांबवू का?" मी घाईत होतो. कागदावर अठरा फूट आहे तर अठरा फूटच ठेव, असं सांगून मी लिफ्टवाल्यांकडे गेलो. बबनने ठेवला. वर मस्त खरखरीत ग्रॅनाइट बसवलं, दोन्ही बाजूंना चकचकीत कठडे लावले. मी फाइलमधल्या कलमांच्या यादीवर सही केली.

इमारत ताब्यात घेण्याआधी कंपनीचे परदेशातले तपासनीस येणार होते, त्याला महिना होता. तेवढ्यात कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंचा फोन आला. त्यांनी वर्षा ढोले नावाची एक मुलगी निवडली होती. यवतमाळकडची, संगणक अभियंता, परीक्षेत पहिल्या पाचात. लहानपणी पोलिओ झालेला, व्हीलचेअर वापरते. सध्या कंपनीच्या शहरातल्या जुन्या कार्यालयात प्रशिक्षण घेत होती, पण तिचा गट नव्या इमारतीत जाणार होता. तिने एकदा इमारत पाहून घ्यावी, असं बाईंचं म्हणणं होतं. नाही जमलं तर तिला जुन्या कार्यालयातच कागदपत्रांचं काही काम देता येईल, असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, जरूर पाठवा. माझ्या मनात तर तिने पाहून खूश व्हावं असंच होतं.

ती आली शनिवारी सकाळी, रिक्षातून, वडिलांबरोबर. वडील पोस्टातून निवृत्त झालेले, धोतरावर कोट घातलेले, किडकिडीत. मुलीची सोय लागेपर्यंत ते स्वारगेटजवळ एका लॉजमध्ये उतरले होते. त्यांनी रिक्षाच्या मागून खुर्ची काढली, उघडली, आणि मुलगी हातांच्या जोरावर एका हिसक्यात तिच्यात बसली. तेवीस-चोवीस वर्षांची, चष्मा, केस घट्ट बांधलेले. मला नमस्कार करून तिने इमारतीकडे पाहिलं आणि लगेच खाली जमिनीकडे. मग माझ्या लक्षात आलं की ती इमारती खालून वर पाहते.

ढोले खुर्ची ढकलायला मागे गेले. "बाबा, हात काढा," ती म्हणाली. त्यांनी काढले.

मी वर दाराशी फाइल घेऊन उभा होतो. ती उतारावर आली, चाकांना जोर दिला, चार-पाच फूट चढली. मग वेग मंदावला. प्रत्येक वेळी हात पुन्हा चाकावर न्यायला जो क्षणभर लागतो, तेवढ्यात खुर्ची मागे यायला बघत होती. अर्ध्यावर तिने जोराचा रेटा दिला आणि पुढची दोन्ही चाकं उचलली गेली. खुर्ची मागे कलली. तिने एका हाताने कठडा धरला, तशी खुर्ची गर्रकन फिरून कठड्यावर आदळली आणि बबन खालून धावत येऊन गुडघा लावून उभा राहिला. हे सगळं दोन श्वासांत झालं. मी वरच उभा होतो. माझे पाय हलले नाहीत, हे मला आजही खटकतं.

तिचा तळहात सोलवटला होता. तिने तो रुमालात धरला आणि मला विचारलं, "सर, हा उतार कागदावर किती आहे?"

मी म्हटलं, एकास बारा.

"आणि इथे?"

बबन लेव्हल नळी घेऊन आला. पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिच्या दोन टोकांतलं पाणी नेहमी एका पातळीला राहतं, त्यावरून उंची कळते. एक टोक वर धरलं, एक खाली. सत्तावीस इंच. अठरा फुटांत सत्तावीस इंच, म्हणजे एकास आठ. चौथरा मी उचलला होता, उतार तेवढाच ठेवला होता. बबनने माझ्याकडे पाहिलं नाही. "मी सांगितलं होतं" असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि नंतरही कधी म्हणाला नाही.

मला वाटलं, ती आता परत जाईल. पण तिला सगळं पाहायचं होतं. मी आणि बबनने धरून खुर्ची वर नेली. लिफ्ट ठीक होती. दारं ठीक होती. मग ती तळमजल्यावरच्या खास संडासात गेली आणि आतून म्हणाली, "सर, हे दार कोण बंद करणार?"

दार आत उघडणारं होतं. खुर्ची आत गेल्यावर त्याला फिरायला जागाच उरत नव्हती. फाइलमध्ये 'बाहेर उघडणारे दार' असं स्पष्ट होतं. सुताराने मजल्यावरची सगळी दारं एकसारखी बसवली होती आणि मी एकसारखी बघून समाधान मानलं होतं. मग तिने शांतपणे एकेक दाखवलं. कडी तिच्या हाताच्या वर दीड वीत. आधाराची दांडी एकाच बाजूला, आणि तीही भिंतीला इतकी चिकटून की मूठ वळत नव्हती. आरशात तिला स्वतःचं फक्त कपाळ दिसत होतं. मी लिहून घेत होतो. शाळेत उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर व्हायचं तसं मला होत होतं.

ढोले मला जरा बाजूला घेऊन गेले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "साहेब, बाहेर जायचं असलं का पोरगी सकाळपासून पाण्याचा घोटबी घेत नाही. कॉलेजची चार वर्षं अशीच काढली तिनं. डॉक्टर म्हणते, किडनीले बरं नाही हे." मग मुलीकडे वळून म्हणाले, "चाल माय, घरी जाऊ. आपल्या तालुक्यात शाळेत लागशील."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मला म्हणाली, "कॉलेजात प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. चार वर्षं मुलं मला खुर्चीसकट उचलून न्यायची. चांगली मुलं होती. पण नोकरीला मला उचलून जायचं नाहीये, सर. हे दुरुस्त होणार असेल तर मी थांबते. होणार नसेल तर आत्ताच सांगा, आमची दोघांची परतीची तिकिटं काढायचीत."

मी होईल म्हटलं. कोणाच्या अधिकारात म्हटलं, देव जाणे.

सोमवारी लिमये सरांसमोर उभा राहिलो. चूक कोणाची, असं त्यांनी विचारायच्या आत सांगितलं की माझी. सर कमी बोलायचे आणि जे बोलायचे ते लागायचं. त्यांनी चष्मा पुसला. "म्हणजे तुम्ही सावकाश वाचता आणि झटपट विसरता." एवढं बोलून त्यांनी ड्रॉइंग पसरलं.

नवा उतार सत्तावीस फुटांचा हवा होता, मध्ये दम घ्यायला एक सपाट जागा हवी होती. सरळ रेषेत तेवढी जागा नव्हती. उतार वळवावा लागणार होता. आणि वळणाच्या बरोबर जागी जगताप शेठचं कारंजं होतं. तीन कमळं, मधून पाणी. शेठचा त्या कारंज्यावर जीव होता. उसाच्या रानात जन्म काढलेल्या माणसाने आपल्या दारात मुद्दाम हौसेने केलेली ती एकच गोष्ट होती. ते साइटवर आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवो सर, तपासायला येतील ते कागद बघून जातील. एका पोरीसाठी कारंजं फोडायचं व्हय? चार माणसं ठेवतो की दारात उचलायला."

मी बोलायला लागलो होतो, पण लिमये सरांनी हात वर केला. "जगताप शेठ, कारंज्याला रोज कामावर यायचं नाहीये."

शेठ कमळांपाशी जाऊन उभे राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, कमळं न तुटता निघतील का. बबन म्हणाला, मी काढतो. दोन दिवस लावून त्याने ती तिन्ही अखंड काढली, पोत्यात गुंडाळून शेठच्या मळ्यावर पोचवली. त्यानंतर उतार फोडायला घेतला. स्वतः बसवलेलं ग्रॅनाइट फोडणाऱ्या माणसाचा चेहरा बघवत नाही. पहिला घण मी मागून घेतला. तो नीट लागला नाही, पण बबनने मला दुसराही मारू दिला.

आम्ही एक व्हीलचेअर भाड्याने आणली होती. मी तीन दिवस तिच्यात बसून साइटवर फिरलो. फाइलमधलं प्रत्येक कलम का आहे ते मला त्या तीन दिवसांत कळलं. अर्ध्या इंचाचा उंबरा म्हणजे भिंत असते. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या वाटेच्या दिशेने असतील तर पुढचं चाक त्यात रुततं. आडव्या असतील तर जातं. कामगार आधी हसले, मग बाजूला होऊन वाट देऊ लागले, आणि तेही मला आवडेना. एक दिवस लिमये सर आले, पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि म्हणाले, उठा. ते खुर्चीत बसले, एकटे संडासात गेले, नव्याने बाहेर उघडणारं दार दोरीने ओढून बंद केलं. बराच वेळ झाला. मग आतून आवाज आला.

"सबनीस, ही कडी इतकी घट्ट कोणी पसंत केली?"

"आपणच, सर. पितळी हवी म्हणालात."

"बदला," आतून उत्तर आलं. मग दहा मिनिटं सर आत आणि सुतार बाहेर. बाहेर आल्यावर सर थेट कार्यालयात गेले; चालू असलेल्या इतर तीन कामांची ड्रॉइंग त्यांनी मागवली आणि लाल पेन्सिल घेऊन बसले.

तपासनीस यायच्या चार दिवस आधी वर्षा पुन्हा आली. या खेपेला ढोलेंनी हात आपणहून मागे बांधून घेतले होते. मी उताराच्या खाली उभा राहिलो, बबन वळणावर. ती चढू लागली. चाकावर हात, रेटा, हात, रेटा. खुर्ची मागे येत नव्हती. सपाट जागेवर ती थांबली, श्वास घेतला, आजूबाजूला पाहिलं, वळली आणि दारापर्यंत गेली. वर पोचल्यावर तिने मागे वळून खुर्ची पुन्हा उतारावर घातली, खाली आली, आणि परत चढली. दुसऱ्यांदा गरज नव्हती. तिला मजा वाटत होती, एवढंच.

मग ती संडासात गेली. दार बंद झालं. कडी लागल्याचा आवाज आला. बाहेरच्या बोळात आम्ही चार पुरुष: मी, लिमये सर, बबन आणि ढोले. कुठे बघावं कळेना म्हणून चौघेही छताकडे बघत होतो. सरांनी छताला एक भेग शोधली आणि त्यावर गंभीरपणे बोलू लागले. खरं तर त्या भेगेचं तिथे कोणालाच काही पडलं नव्हतं. पाच मिनिटं झाली, सात झाली. कडी निघाली. ती बाहेर आली, हात पुसत.

"आतला नळ गळतोय," ती म्हणाली.

मी पुढचं लिहून घ्यायला वही काढली. तिची आणखी काही तक्रार नव्हती. नळ गळतोय ही तक्रार तर आम्हाला प्रत्येक इमारतीत, प्रत्येक माणसाकडून येते. मी खिडकीशी जाऊन उगाच बाहेरची झाडं मोजू लागलो. ढोले कोटाच्या बाहीने डोळे पुसत होते आणि बबन त्यांना बसायला खोकं आणून देत होता.

तपासनीस आले. दोघे होते, फार सभ्य. त्यांनी दारांची रुंदी मोजली, लिफ्टची बटणं मोजली, फाइलमधल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि उताराचं ड्रॉइंग पाहून मान डोलावली. उतार त्यांनी मोजलाच नाही. जगताप शेठ म्हणाले होते तसंच झालं. जुना, एकास आठचा उतार त्यांच्या डोळ्यांखालून बिनबोभाट गेला असता, त्यावर माझी सही राहिली असती, आणि एखाद्या पावसाळी सकाळी कोणीतरी त्यावरून मागे आलं असतं. हा विचार आला की माझ्या अंगावर अजून काटा येतो, आणि लगेच बरंही वाटतं.

सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही. फाटकाबाहेरचा फूटपाथ ढोपराएवढा उंच होता आणि तो आमच्या हद्दीत नव्हता. बसमध्ये तिला चढता येत नव्हतं. ती रोज ठरावीक रिक्षाने येई. दवाखान्याच्या त्या बावीस पायऱ्याही तशाच आहेत. निवृत्तीपर्यंत मी पुष्कळ इमारतींत मोजपट्टी आणि लेव्हल नळी घेऊन हिंडलो, पुष्कळ ठिकाणी वाद घातले. काही जिंकलो. जिथे हरलो तिथे सही केली नाही.

इमारत सुरू झाली त्या सोमवारी मला तिथे काहीही काम नव्हतं. तरी मी सकाळी लवकर हडपसरला गेलो आणि फाटकासमोरच्या टपरीपाशी चहा घेत उभा राहिलो. माणसं येऊ लागली. गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर पिशव्या. बहुतेक जण पायऱ्यांनी जात होते, काही गप्पांच्या नादात उताराने. रिक्षा आली. ढोले आदल्याच आठवड्यात गावी परतले होते. रिक्षावाल्याने खुर्ची काढून दिली. आधीच आलेल्या दोन मुली तिच्यासाठी थांबल्या होत्या. तिघी उताराला लागल्या. कसल्या तरी सिनेमावरून त्यांचं जोरात चाललं होतं. वर्षा हाताने चाकं फिरवत होती, मान वळवून बोलत होती, मध्येच हसली. वळणावरच्या सपाट जागेवर ती थांबली नाही. उतार आहे हे तिच्या लक्षात आलेलं दिसलं नाही. मी रस्त्यापलीकडे उभा आहे हेही नाही. काचेचं दार सरकलं आणि तिघी बोलत बोलत आत गेल्या.

मी आणखी एक चहा सांगितला.